चावीवाल्यांच्या पोटातली मंडळी

माणसाने आयुष्यात एकदा तरी पास व्हावं, मग ते कशातही का होईना. चावीवाले पास झाले ते साठी ओलांडल्यावर, आणि झाले ते पोटाच्या परीक्षेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. स्वतः चावीवाले ही गोष्ट सांगताना अजिबात हसत नाहीत, चांगली छाती काढून सांगतात.

त्याआधीचा त्यांचा इतिहास म्हणजे नुसती आपटाआपटी. शाळेत गणिताने आपटवलं. सैन्यात भरती व्हायला गेले तर छाती भरली नाही. गाडी चालवण्याची परीक्षा द्यायला गेले आणि परीक्षकाच्याच स्कूटरवर जाऊन आदळले. सासऱ्यांनीसुद्धा "दुसरं कोणी येतंय का बघू" म्हणत त्यांना वर्षभर ताटकळत ठेवलं आणि दुसरं कोणी आलंच नाही तेव्हा कुठे मुलगी दिली. मग एका कुलूपवाल्याने त्यांच्या हातात कानस दिली. तिथे कोणी परीक्षा घेत नव्हतं, म्हणून गडी टिकला.

आज त्यांची टपरी एका मोठ्या संशोधन संस्थेच्या फाटकासमोर आहे, औषधाचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत. टपरी कसली, उभं कपाटच ते! आत एक स्टूल, एक शिकंजा, चाव्या कापायचं छोटं यंत्र, आणि भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या चाव्या. दिवसभर पितळेचा भुसा उडतो तो सगळा मिशीवर बसतो. संध्याकाळी घरी गेले की बायको दारातच त्यांना मिशी झटकायला लावते, मग चहा देते.

घरात ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी पुष्कळ वर्षं केलं आणि मग, कंटाळून म्हणा नाहीतर शहाणपणाने म्हणा, गुंडाळून माळ्यावर टाकून दिलं. पण माळ्यावरची वस्तू कधीतरी धाडकन खाली येतेच. ती यायची साडूंच्या घरी गेलं की.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीतल्या मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झालेले. मुलं चांगली शिकलेली, नातवंडं गोंडस, आणि दिवाणखान्याची एक अख्खी भिंत त्या सगळ्यांच्या फोटोंनी भरलेली. गेलं की आधी भिंतीसमोर उभं राहायचं, कोणाला काय मिळालं ते ऐकायचं, मग पाणी. आणि मग, "काय साडूबुवा, काय म्हणतायत कुलपं?" माणूस वाईट नव्हता हो. पण जन्मभर पहिला नंबर काढणाऱ्याला दुसऱ्याच्या नंबराची चौकशी करायची खोड लागते, तिला औषध नाही.

तर एके सकाळी संस्थेतली एक बाई पांढऱ्या कोटात धावत धावत टपरीशी आली.

"काका, लवकर चला! चावी कुलपात तुटलीय आणि आमची मंडळी आत अडकलीयत. त्यांच्या खाण्याची वेळ झालीय!"

चावीवाल्यांनी पिशवी उचलली आणि पळत सुटले. जिना चढून, दम लागून आत बघतात तर खोलीत चिटपाखरू नाही. नुसतं एक भलंमोठं काचेच्या दाराचं गरम कपाट, आणि आत मातकट पाण्याच्या बरण्या. नळ्या लावलेल्या, बुडबुडे येणाऱ्या, आपोआप ढवळल्या जाणाऱ्या.

"अहो, माणसं कुठायत?"

"ही काय," बाईने बरण्यांकडे बोट दाखवलं. "उघडा ना लवकर!"

चावीवाल्यांनी मुकाट्याने तुटलेला तुकडा चिमट्याने ओढून काढला आणि कुलूप उघडलं. बाईने एकेका बरणीत पिचकारीने काहीतरी पेजेसारखं सोडलं आणि हुश्श केलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह पाहून तिला हसू आलं.

"माणसाच्या आतड्यातले जंतू आहेत, काका. त्यांना हवा चालत नाही, ऊब लागते, म्हणून बरणीतच पोट करून दिलंय त्यांना."

चावीवाले दोन पावलं मागे सरले.

"घाबरताय काय? तुमच्या पोटात पण आहेत. अब्जावधी."

"माझ्या? मॅडम, मी रोज आंघोळ करतो!"

बाई खुर्चीत बसून हसली, आणि मग त्यांना समजेल असं सांगू लागली. एका औषधी झाडाच्या बीवर तिचं काम चाललं होतं. त्या बीमध्ये एक पदार्थ असतो. तो नुसता गिळून माणसाला फारसा फायदा नाही. पोटातले काही जंतू तो फोडतात, त्यातून दुसरंच काहीतरी बनवतात, आणि ते शरीराच्या कामी येतं. "म्हणजे बघा, बी हे कुलूप आणि चावी या मंडळींकडे. पण सगळ्यांच्याच पोटात ती चावी नसते. आणि ज्यांच्या पोटात असते, त्यांची ती मंडळी बी मिळालं की बाळसं धरतात का, हे मला बघायचंय."

"कुठलं बी म्हणायचं हे?"

"ते नाही सांगायचं. सांगितलं की नमुने देणारे लोक तेच खात सुटतात आणि आमचं मुसळ केरात." मग तिने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "काका, हल्ली काही औषधं घेतलीत? नाही? मग तुम्ही द्याल का नमुना?"

"कशाचा?"

कशाचा ते तिने सांगितलं, आणि चावीवाले मिशीखालून लाल झाले.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट बायकोला इतक्या हळू आवाजात सांगितली की तिने पुन्हा विचारलं. मग मात्र ती पदर तोंडाला लावून खाली बसली. "अहो, जन्मात कोणी तुमच्याकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे?" हसून हसून डोळ्यांत पाणी आल्यावर म्हणाली, "द्या हो. नाहीतरी वायाच जातं. कोणाच्या उपयोगी पडलं तर बरंच."

संस्थेने घट्ट झाकणाचा एक डबा दिला होता. आत हवा शोषून घेणारी पुडी. हवेत मंडळी गुदमरतात, म्हणून डबा तडक पोचवायचा. घर एक गल्ली मागे, त्यामुळे ती चिंता नव्हती. चिंता झेरॉक्सवाल्याची होती.

"काय काका, सकाळी सकाळी डबा घेऊन?"

"ऑफिसला," चावीवाले म्हणाले आणि मान ताठ ठेवून फाटकातून आत गेले.

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. चावीवाले मनातून समजले, झालं, इथेही आपटलो. आणि एक दिवस मॅडम रस्ता ओलांडून जवळजवळ उड्या मारतच आली.

"काका! तुमची मंडळी म्हणजे कमाल आहे हो! इतक्या लोकांच्या बरण्या लावल्या, पण तुमच्यासारखं काम कोणाच्याच बरणीत झालं नाही!"

चावीवाल्यांनी कानस खाली ठेवली. "म्हणजे... पास?"

"पास काय, पहिला नंबर!"

टपरीला मागचं दार नाही, नाहीतर मागे गेले असते. ते स्टूलावरच वळले आणि चाव्यांच्या भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागले. हाताचा भुसा डोळ्यात गेला, त्यामुळे डोळे ओले का झाले याचा खुलासा आपोआपच झाला.

"जवसावर असे तुटून पडणारे जंतू मी बघितलेच नव्हते," मॅडम आनंदाच्या भरात बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "काका, हे विसरा हं!"

"विसरलो," चावीवाले म्हणाले.

आता खरं काम सुरू होणार होतं. चावीवाल्यांचा ताजा डबा नेमाने यायचा. त्यातून दोन बरण्या लावायच्या, एकीत बीचा अर्क घालायचा, दुसरीत नाही, आणि दोन्हींतल्या मंडळींत काय फरक पडतो ते पाहायचं. मॅडमने बजावून सांगितलं, "खाण्यात काही बदल करू नका. रोज जेवता तेच जेवा." चावीवाल्यांनी मान डोलावली. एकदाचे पास झालो होतो, ते टिकवायचं, यापलीकडे त्यांना जगात काही नको होतं.

ही बातमी साडूंच्या नातवाच्या वाढदिवसाला फुटली. केक कापून झाला, भिंतीचं कौतुक झालं, आणि "काय म्हणतायत कुलपं?" असं विचारून झाल्यावर चावीवाले खाकरले. "कुलपांचं काही नाही विशेष. पण माझं पोट पहिलं आलं." मग बायकोने सगळं तपशीलवार सांगितलं, आणि ज्या तपशिलांवर तिच्या बहिणीने "अगं, पोरं केक खातायत" म्हणून डोळे वटारले तेही सांगितले.

साडू दुसऱ्याच दिवशी संस्थेत हजर. "शास्त्राला मदत करणं हे कर्तव्यच आहे. मी पहाटे उठतो, मैलभर चालतो, बाहेरचं शिवत नाही." त्यांचीही बरणी लागली. आणि त्यांच्या बरणीत बीचा पदार्थ जसा घातला तसाच्या तसा परत निघाला! साडूंच्या मंडळींनी त्याच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. हे काही संस्थेने बाहेर सांगितलं नाही हं. साडूंच्या बायकोने फोनवर बहिणीला सांगितलं, "कोणाला सांगू नकोस, नाकाला मिरच्या झोंबल्यात त्यांच्या." चावीवाले त्या दिवशी शीळ घालत चाव्या कापत होते.

सगळं असं छान चाललेलं दिसत असलं तरी चावीवाल्यांचं डोकं आधीपासूनच चाललेलं होतं. आणि त्यांचं डोकं चाललं की कुठेतरी काहीतरी अडकतंच.

त्याचं असं आहे. नवी चावी कापली की ती पहिल्यांदा अडते. चांगला कारागीर ती तशीच गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. तेलाचा थेंब सोडतो, कुलपात घालून फिरवतो, काढतो, पुन्हा फिरवतो, चावीला कुलपाची सवय होईपर्यंत. चावीवाल्यांनी जन्मभर एकही चावी सरावाशिवाय हाताबाहेर सोडली नव्हती. आणि आता तर मॅडमनेच सांगितलेलं, बी म्हणजे कुलूप आणि चावी आपल्या पोटात! मग ती तशीच, सराव न देता पाठवायची? लोक काय म्हणतील?

मॅडमच्या तोंडून नाव निसटलं त्याच संध्याकाळी त्यांनी जवसाची पिशवी आणली. तपकिरी, चपटं, चकचकीत बी. रोज सकाळी चमचाभर बारीक चावून खायचं.

"अहो, खाण्यात बदल करायचा नाही ना?" बायकोने विचारलं.

"खाणं कुठेय हे? सराव आहे."

बायकोला ते काही पटलं नाही, पण नवऱ्याला इतक्या उमेदीने कशाच्या मागे लागलेलं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने बी भाजून, कुटून बरणीत भरून दिलं आणि पावावर भुरभुरून स्वतःही खाऊ लागली. जंतूंचे लाड करण्यात दोघांचेही दिवस मजेत जाऊ लागले. सकाळी उठून पोटावर हात फिरवत चावीवाले म्हणायचे, "चला रे पोरांनो, अभ्यासाला लागा." बायको म्हणायची, "इतकी पोटची पोरं, आणि एक मेला उठून चहा टाकत नाही."

तिकडे मॅडमचा चेहरा मात्र उतरत चालला. आधी ती येता-जाता हात करायची, मग नुसती मान हलवू लागली, मग खाली बघूनच जाऊ लागली. चावीवाल्यांना काळजी वाटली. मॅडम नाराज, म्हणजे आपली मंडळी कमी पडतायत! त्यांनी एका चमच्याचे दोन केले. मॅडम आणखीच सुकली. मग त्यांनी संध्याकाळचाही एक वाढवला.

शेवटी एका दुपारी ती कागदी पेल्यात चहा घेऊन टपरीसमोरच्या पायरीवर येऊन बसली. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"काका, बहुतेक माझं काम बंद होणार. मोठे सर म्हणाले, आणखी एकदाच करून बघा, नाहीतर ते गरम कपाट दुसऱ्या लोकांना देऊ."

"का हो? आमच्या मंडळींचं काही चुकतंय का?"

"तेच तर कळत नाही! ज्या बरणीत बीचा अर्क घालते तिच्यात फरक दिसतो, ते ठीक. पण जिच्यात काहीच घालत नाही, तिच्यातही तोच फरक! दोन्ही बरण्या सारख्याच. नळ्या बदलल्या, बुचं बदलली, कपाट घासून काढलं. काका, मी वेडी व्हायची आता. मी घालतच नाही, तर त्या बरणीत बी येतंय कुठून?"

चावीवाल्यांच्या हातातली कानस थांबली. ज्या पोटाचा एवढा गौरव झाला होता, त्याच पोटात गोळा आला.

"हं," ते म्हणाले. मॅडमने चहा संपवला, पेला चुरगाळला आणि ती आत गेली. चावीवाल्यांनी भर दुपारी टपरीला कुलूप लावलं.

घरी बायको भांडी विसळत होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"सांगितलं तर काढून टाकतील मला."

"टाकतील," बायको म्हणाली.

"नाही सांगितलं आणि उद्यापासून नुसतं खाणं बंद केलं तर? हळूहळू निघून जाईल पोटातून. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

नळ ठिबकत होता. मग चावीवाले अगदी लहान पोरासारखे म्हणाले, "एकदाच पास झालो होतो गं."

बायकोने हात पुसले. तिलाही वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती म्हणाली, "मग पास झालेल्या माणसासारखं वागा की. ती पोर तिकडे नळ्या घासून मरतेय." आणि तिने उरलेल्या जवसाची पिशवी त्यांच्या हातात दिली.

चावीवाल्यांनी ती पिशवी नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमचं बी. इथून येतंय."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. सराव, तेलाचा थेंब, एकाचे दोन चमचे, दोनाचे तीन. मॅडम ऐकत होती आणि तिचा चेहरा आधी पांढरा, मग लालबुंद होत गेला.

"काका! मी त्या नळ्या... अहो, मी बुचं उकळत बसले होते! मला वाटत होतं मलाच काही येत नाही! शिकलेलं सगळं फुकट गेलं असं वाटून मी घरी जाऊन रडत होते, आणि तुम्ही चमचे वाढवत होतात?"

"घाला शिव्या, मॅडम. हक्क आहे तुमचा."

तिने तोंड उघडलं, पण शिवी काही आली नाही. तिची नजर त्यांच्या मिशीवरच्या भुशाकडे गेली, मग पिशवीकडे, आणि तिला एकदम हसू फुटलं. रडण्यातलंच, पण हसू. "सराव! जंतूंना सराव!" ती टेबलावर डोकं टेकून हसत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "चूक माझीही आहे. नाव मीच फोडलं. पण काका, आता तुमचे डबे घेता येणार नाहीत. नियमच आहे तसा."

"माहितीय," चावीवाले म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली. झालं, नापास. पण गंमत अशी की या वेळी नापास होताना त्यांना पूर्वीसारखी लाज वाटली नाही, नुसतं रिकामं रिकामं वाटलं. ते दारापर्यंत पोचले.

"काका, थांबा! हे खायला कधी लागलात?"

"तुम्ही नाव घेतलंत त्याच दिवशी आणलं."

"म्हणजे पहिला डबा दिलात तेव्हा..."

"तेव्हा मला कुठे ठाऊक होतं कुठलं बी ते?"

मॅडम खुर्ची पाडून उठली आणि बोळकांडीत धावली. चावीवाले पिशवी घेऊन तिच्या मागे. बोळाच्या टोकाला एक थोरला फ्रीजर होता. तिने जाड हातमोजे चढवले, दार उघडलं, गार वाफेचा लोट बाहेर आला, आणि तिने आतून बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांची एक पेटी काढली.

"पहिल्या डब्यातली थोडी मंडळी मी गोठवून ठेवली होती. सरावाआधीची! जिवंत आहेत, काका. नुसती झोपलीयत."

त्यानंतरचे दिवस चावीवाल्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. एका गिऱ्हाइकाला त्यांनी दुसऱ्याचीच चावी दिली. घरी बायको दर तासाला विचारायची, "उठली असतील का हो?" फाटकातून पांढरा कोट बाहेर आला की चावीवाले स्टूलावरून अर्धे उठायचे आणि दुसराच कोणी निघाला की बसायचे.

आणि मग ती आली. लांबूनच दोन्ही हात वर करून, रस्त्यातल्या गाड्यांना न जुमानता.

"जागी झाली! काका, ज्या बरणीत बी नाही तिथे सगळी शांत, आणि जिच्यात बी घातलंय तिथे नुसती जत्रा! फोडणारी मंडळी कित्येक पटींनी वाढलीयत! कपाट राहिलं! मोठे सर स्वतः बघायला आले होते!"

झेरॉक्सवाला, औषधवाला सगळे बाहेर आले. कोणाला काही कळलं नाही, पण चावीवाले मॅडमचे हात धरून टपरीसमोर गोल फिरत होते तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या. "आणि तुमचे सरावाचे डबेही फुकट नाहीत जायचे," मॅडम धापा टाकत म्हणाली. "बी खाणाऱ्या माणसाच्या पोटात काय होत असावं त्याचा अंदाज मिळाला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आता रीतसर परवानगी काढून पुष्कळ लोकांवर बघू."

मंडळींना बघायला जायचा हट्ट बायकोचा. ती चांगली साडी नेसून आली. मॅडमने दोघांना फ्रीजरपाशी नेलं आणि पेटी उघडून दाखवली. बर्फाची पांढरी भुकटी, आणि त्यात ओळीने उभ्या छोट्या कुप्या.

"यांना आता आम्ही जपून वापरणार," मॅडम म्हणाली. "थोडी जागी केली की वाढतात, त्यातली थोडी पुन्हा गोठवायची. मी इथून गेले तरी ही राहतील. पुढे नवी मुलंमुली येतील, तीही यांच्यावरच शिकतील. काका, आपण कोणी नसू तेव्हाही ही असतील बहुतेक."

बायको पेटीवर वाकली. मग तिने हळूच विचारलं, "पोरी, थंडी नाही ना गं वाजत यांना?"

"नाही काकू," मॅडम म्हणाली. "गाढ झोपलीयत."

बायकोने फोटो काढायची परवानगी मागितली. तो मोठा करून घेतला, चौकटीत घातला, आणि इतकी वर्षं मोकळ्या राहिलेल्या समोरच्या भिंतीवर चावीवाल्यांनी खिळा ठोकला.

पुढच्या आठवड्यात साडू आणि मोठी बहीण घरी आले. साडू दारातूनच सुरू झाले, "काय साडूबुवा, काढून टाकलं म्हणे तुम्हाला?"

"हो, मला काढलं," चावीवाले म्हणाले. "मंडळी तिथेच राहिली."

"म्हणजे?" साडूंचं लक्ष भिंतीकडे गेलं. "हे काय आहे?"

चावीवाले गोंधळले. पण बायको चहाचा ट्रे हातात धरून, मान जराही न वाकवता म्हणाली, "आमची आहेत, भाऊजी. सगळी संशोधन संस्थेत असतात."

ज्या घरात इतकी वर्षं हा विषय निघाला की सगळे खिडकीबाहेर बघायचे, तिथे हे वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने बोललं होतं. साडू उठले. खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि भिंतीपाशी जाऊन एकेक कुपी निरखून पाहू लागले, जशी त्यांच्या घरी गेल्यावर बाकीच्यांना त्यांची भिंत पाहावी लागे तशी. चौकट किंचित तिरकी होती, ती बोटाने सरळ केली. मग वळून चावीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बापावर गेलीयत हो," ते म्हणाले.

बायकोने ट्रे कसाबसा टेबलावर ठेवला आणि हसता हसता बहिणीच्या गळ्यात पडून रडली. चावीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्या दिवशी तिथे भुसा नव्हता, त्यामुळे खुलाशाला काही जागाच उरली नाही.